पासष्ट गावं

१८२२ साली तापीला मोठा पूर आला होता. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत खानदेशावर जे लिहिलं आहे, त्यात या पुराची नोंद सापडते. नोंद म्हणजे काय, एक वाक्य. त्याचा आशय एवढाच, की पासष्ट गावं पूर्ण नष्ट झाली, आणखी पन्नास गावांचा काही भाग वाहून गेला, आणि नुकसान झालं अडीच लाख रुपयांचं. एवढं सांगून लेखक पुढच्या पुराकडे वळतो.

मी या वाक्यापाशी अडकलो आणि पुढे जाताच येईना. पासष्ट गावं! पासष्ट घरं नव्हेत. पासष्ट गावांचे पासष्ट पार, पासष्ट मारुती, पाणवठे, गोठे. त्यांतल्या एकाचंही नाव त्या वाक्यात नाही. माणसं किती गेली तेही नाही. ढोरं किती, धान्याच्या कणग्या किती, काहीच नाही. रुपये मात्र आहेत.

हे लिहितोय ते कळसाडीहून. नंदुरबार जिल्ह्यातलं एक गाव. नकाशावर शोधायचं तर बोट दोनदा फिरवावं लागतं. अशा गावात बसून ते वाक्य वाचलं की पहिला प्रश्न हाच मनात येतो, की उद्या आमचं गाव अशा एखाद्या आकड्यात गेलं तर? 'पासष्ट'मधलं एक म्हणून? इतिहासात हवामानाचे जे मोठे तडाखे नोंदलेत, ते नोंदले कोणी, कशासाठी, आणि त्यात काय राहिलं नि काय सुटलं, याचा थोडा विचार करावा म्हणून हा लेख.

आधी तापीबद्दल. ही नदी वर्षातले बरेच महिने अगदी गरीब दिसते. उंच दरडींच्या मध्ये खाली कुठेतरी पाण्याची पट्टी. पण तिची घडणच पुराला अनुकूल आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, आणि मधल्या लांबट खळग्यातून ती पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. लांबी सुमारे ७२४ किलोमीटर, खोरं सुमारे ६५,००० चौरस किलोमीटर. आता पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे बहुधा कुठे सरकतात? पश्चिमेकडे, वायव्येकडे. म्हणजे ज्या दिशेला नदी वाहते, साधारण त्याच दिशेला पाऊसही चालत येतो. वरच्या खोऱ्यातला पूर खाली उतरत असतानाच खालच्या खोऱ्यात आभाळ फाटतं. पूर्णेचं पाणी, गिरणेचं पाणी, पांझरेचं पाणी, अनेर-गोमाईचं पाणी सगळं एकावर एक चढतं. तापी फुगली की उपनद्यांना तोंडच मिळत नाही. त्यांचं पाणी मागे तुंबतं आणि संगमावरच्या गावांत दोन्हीकडून शिरतं.

प्रकाशाचं तेच झालं. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं हे गाव, ज्याला आपण दक्षिण काशी म्हणतो. १८७५ च्या पुरात इथली ६२ घरं गेल्याची नोंद आहे. हे वाचल्यावर मी पुन्हा मागचं वाक्य काढून पाहिलं. १८७५ ला ६२ घरं, आणि सोबत गावाचं नाव. १८२२ ला ६५ गावं, आणि नाव एकाचंही नाही. घरं मोजली गेली कारण गाव प्रकाशा होतं, तीर्थाचं होतं, वस्तीचं होतं, सरकारी माणसाच्या जाण्यायेण्यातलं होतं.

या दोन्हींच्या मधला एक पूर आहे सप्टेंबर १८७२ चा. गिरणा आणि पांझरा एकदम चढल्या. धुळे शहरातली पाचशे घरं वाहून गेली. १५२ गावांचं कमीजास्त नुकसान झालं, सोळा लाखांची मालमत्ता बुडाली. आणि याच नोंदीत येतं, की धुळ्यासमोर नदीच्या पलीकडच्या काठावरचं एक अख्खं गाव पाहता पाहता नाहीसं झालं. धुळ्याचं नाव आहे. पाचशे घरांचा हिशोब आहे. समोरचं ते गाव मात्र 'एक अख्खं गाव'. अहो, नदीच्या अलीकडून पलीकडे दिसत होतं ना ते? रोज दिसत असणार. तरीही.

इथे त्या गॅझेटियर लिहिणाऱ्यांवर राग काढण्यात अर्थ नाही. त्यांनी लिहिलं नसतं तर आज पासष्ट हा आकडासुद्धा आपल्या हाती नसता. पण त्यांनी काय लिहिलं ते पाहताना ते कशासाठी लिहीत होते हेही पाहावं लागतं. खानदेश कंपनीच्या ताब्यात आला १८१८ ला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्याला ठाणं केलं. मुलूख आधीच खिळखिळा झालेला. १८०३-०४ चा दुष्काळ, होळकरांच्या स्वाऱ्या, पेंढाऱ्यांची लूट यांनी कितीतरी गावं ओस पडलेली. नव्या सरकारला पहिली गरज होती साऱ्याची. कुठलं गाव वसलेलं, कुठलं उजाड, कुठून किती येईल. मग चारच वर्षांनी पूर आला. तेव्हा सरकारच्या लेखी गाव नष्ट झालं याचा अर्थ एका ठिकाणचा सारा बुडाला. सारा जमिनीवर असतो, माणसावर नाही. माझ्या मते म्हणून रुपये नोंदले गेले आणि माणसं राहिली.

पाणी जास्त झाल्याची ही गोष्ट झाली. पाणी न आल्याची नोंद या भागात त्याहून बरीच जुनी आहे, आणि ती वाचायला छाती लागते.

१६३० साली गुजरात आणि खानदेशात पाऊस गेला. पुढच्या वर्षी, १६३१ ला, गुजरातेत उलट अतिवृष्टी झाली, उभं पीक कुजलं आणि वर रोगराई. त्या पहिल्या वर्षाच्या नोव्हेंबरात पीटर मंडी नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक इंग्रज नोकर सुरतेहून आग्ऱ्याला निघाला. त्याची वाट नवापूर, नंदुरबार, निमगूळ अशी, पुढे बुऱ्हाणपूर. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातून. नंदुरबार तेव्हा सुरत-बुऱ्हाणपूर रस्त्यावरचं नावाजलेलं पेठेचं गाव होतं. मंडीने रोजनिशी ठेवली. मुक्कामाचं गाव, मधलं अंतर, वाटेत काय दिसलं.

वाटेत काय दिसलं? सुरतेपासून निमगूळपर्यंत रस्त्याच्या कडेला प्रेतंच प्रेतं. नाकातून वास जाईना. गावाजवळ आलं की जास्तच, कारण मेलेल्यांना पाय धरून ओढत वेशीबाहेर आणून टाकत होते, अंगावर चिंधीही नाही, पोरं, बाया, म्हातारे, आणि अर्धी वाट त्यांनीच अडलेली. नंदुरबारात त्याला आपला लहानसा तंबू ठोकायला प्रेतांमुळे जागा मिळेना. जिवंत माणसं उकिरडे उकरत होती. प्रवाशांच्या घोड्याबैलांच्या शेणातून न पचलेला एखादा दाणा मिळतो का, ते शोधत होती.

महिना कोणता होता हे विसरू नका. नोव्हेंबर. खानदेशात बाजरी-ज्वारी घरात यायचा महिना. वर्षातला सगळ्यात भरल्या घराचा काळ. तेव्हा ही अवस्था, तर पुढचा चैत्र-वैशाख कसा गेला असेल?

मंडीची नोंद प्रामाणिक आहे. तो कळवळलाही असेल. पण तो प्रवासी होता. त्याच्या वहीत मुक्कामाची गावं आहेत, रस्त्याकाठची गावं आहेत. रस्त्यापासून चार-सहा कोस आत काय झालं ते त्याला दिसणं शक्य नव्हतं. कळसाडी त्याच्या मुक्कामांत नाही. सातपुड्याच्या पायथ्याची गावं नाहीत. डोंगरातले पाडे तर नाहीतच. पेठेच्या गावाची ही दशा होती, तर जिथे पेठच नव्हती तिथे काय असेल? की डोंगरात कंदमुळं, मोहाची फुलं, भगर-मोर यांवर माणसं जास्त टिकली असतील? वहीत उत्तर नाही. तिथून रस्ता जात नव्हता.

दुसरी नोंद दरबाराची. शाहजहान त्या वेळी बुऱ्हाणपुरात तळ ठोकून होता, दख्खनच्या मोहिमेसाठी. त्याचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने दुष्काळाचं वर्णन केलं आहे, आणि त्यासोबत बादशहाने काय केलं तेही आकड्यांनिशी. लंगर उघडले. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, वीस आठवडे, म्हणजे एक लाख. खालसा मुलखातला सुमारे सत्तर लाखांचा सारा माफ केला. या नोंदीत काय जपलं गेलं, तर दान. ते खोटं नाही. पण बुऱ्हाणपुरात सोमवारी वाटलेला रुपया नंदुरबारच्या वेशीबाहेर ओढून टाकलेल्या माणसापर्यंत पोहोचायला चालत किती दिवस लागतात, याचा हिशोब दरबाराकडे नसतो.

आणि मंडीच्याच वहीत आणखी एक गोष्ट आहे. बुऱ्हाणपूर मागे टाकून तो उत्तरेकडे गेला तेव्हा त्याला बंजाऱ्यांचा एक तांडा भेटला. चौदा हजार बैल, धान्याने लादलेले. चौदा हजार! म्हणजे देशात धान्य नव्हतं असं नाही. माळव्यात होतं. ते वाहून नेणारी माणसं आणि जनावरंही होती. पण त्या वर्षी धान्य ओढून घ्यायची ताकद बुऱ्हाणपूरच्या लष्करी तळात होती. वाटेवरच्या उपाशी गावांच्या हातात पैसा नव्हता, म्हणून धान्याचा ओघ त्यांच्याकडे वळलाच नाही. पाऊस पडला नाही हे आभाळाचं. पुढचं सगळं माणसांचं.

तर आतापर्यंत तीन वह्या झाल्या. प्रवाशाच्या वहीत वाट आहे, दरबाराच्या वहीत दान आहे, आणि कंपनीच्या वहीत महसूल. ज्याला जे हवं होतं ते त्याने लिहिलं. गावाने स्वतः काय लिहिलं? गावाने लिहिलं नाही, गावाने लक्षात ठेवलं.

पूर्वी म्हाताऱ्या माणसाला वय विचारलं तर तो इसवी सन सांगत नसे. 'छप्पन्नच्या दुष्काळात मी रांगत होतो' असं काहीतरी सांगे. छप्पन्न म्हणजे विक्रम संवत १९५६, इंग्रजी १८९९-१९००. गुजरात, राजस्थान, खानदेश, सगळीकडे तो याच नावाने ओळखला जातो, छप्पनिया. या नावात आकडा आहे, पण तो मेलेल्यांचा नाही, रुपयांचाही नाही. साल हेच नाव. त्या सालाने एवढं काही केलं, की पुढे कसली ओळख द्यायची गरजच उरली नाही. पुढे तशीच जागा बहात्तरने घेतली. १९७२ चा दुष्काळ म्हटलं की मागच्या पिढीतल्या कोणालाही खडी फोडणं आठवतं, लाल मिलो आठवते, सुकडी आठवते. मे १९७३ मध्ये राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. एवढा मोठा दुष्काळ, पण १६३० सारखी वेशीबाहेर प्रेतं पडली नाहीत, आणि त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ ला. नोंदीतला माणूस पहिल्यांदा नावाने आला, असं मला वाटतं. हजेरीपटावर. अंगठ्यापुढे का होईना, नाव लिहिलेलं असे.

गावाच्या आठवणीची अडचण अशी, की ती फार तर तीन पिढ्या पुरते. बहात्तर अजून आहे. छप्पन्न आता फक्त शब्द उरला आहे. १८२२ कोणाच्याच बोलण्यात नाही. एवढा पूर, आणि त्याची एक ओवी, एक म्हण माझ्या कानावर आलेली नाही. पासष्ट गावांतली जी माणसं वाचली ती कुठे गेली असतील? कोणाच्या वळचणीला, कोणाच्या शेतात, सातपुड्याकडे, गुजरातेकडे. त्यांच्या नातवांनी नव्या गावाचं नाव आपलं मानलं असेल. आज आपल्यापैकी कोणी त्यांच्यापैकीच असेल आणि त्याला ते ठाऊक नसेल.

आता चौथी वही. आज पाऊस यंत्र मोजतं. राज्यात 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत. चांगली गोष्ट आहे. पण या वहीचीही स्वतःची गरज असते. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. (योगायोग पाहा, पुन्हा पासष्टच!) मग पंचनामे, मग मदत. एका मंडळात किती गावं असतात ते तुम्हाला माहीत आहे. ढग काही मंडळाची हद्द पाहून फुटत नाही. यंत्र एका गावात, ढगफुटी दुसऱ्या गावाच्या नाल्यावर, आणि आकडा येतो ५८. ज्याची माती खरवडून गेली त्याला हे समजावून सांगता येत नाही. तिकडे दुष्काळाचंही तसंच. इतकी वर्षं पैसेवारी पन्नास पैशांच्या आत की बाहेर यावर गावं अडून बसत आली. १८२२ ला गाव आकड्यात गडप झालं. आता गाव आकड्याच्या बाहेर राहू शकतं. दोन्ही वेळा गावाचं स्वतःचं म्हणणं कुठेच लिहिलेलं नसतं.

नदीचीही स्वतःची एक वही असते, हे मला फार आवडतं. मोठा पूर येतो तेव्हा काठावरच्या एखाद्या आडोशाच्या जागी, उपनदीच्या तोंडाशी पाणी संथ होतं आणि तिथे बारीक गाळाचा थर बसतो. पुढच्या मोठ्या पुरात त्यावर दुसरा. पुणे विद्यापीठातले भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत अशा थरांवरून जुन्या पुरांचा माग काढला आहे. कर्बमापनाने थराचं वय काढायचं आणि उंचीवरून पाणी कुठवर चढलं होतं याचा अंदाज बांधायचा. ज्या काळी कोणीच लिहीत नव्हतं त्या काळचे पूरही नदीने असे मांडून ठेवलेत. या वहीत पक्षपात नाही. पण त्यातही गावाची नावं नाहीत. नदीला नावाशी काय करायचंय!

म्हणजे नाव लिहायचं काम शेवटी आपल्याकडेच येतं.

आणि ते काम आता का करायचं, तर पूर संपलेले नाहीत. ऑगस्ट १९६८ ला तापीच्या खालच्या भागात सुमारे पंधरा लाख क्युसेक पाणी आलं होतं. १९७२ ला उकाई धरण उभं राहिलं. त्याच्या फुगवट्याने आपल्याच भागातली काही गावं कायमची पाण्याखाली घेतली, आणि पूर आता संपले असं खाली सगळ्यांना वाटायला लागलं. मग ऑगस्ट २००६ ला त्याच उकाईतून पाणी सोडावं लागलं आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. आता प्रकाशा आणि सारंगखेड्याला बॅरेज आहेत, दारं आहेत, मोबाइलवर इशारे येतात. यातलं काहीही वाईट नाही. पण मागे पाणी कुठवर आलं होतं हे ज्या गावाला माहीत नसतं, ते गाव नेमकं तिथेच नवीन घरकुलं बांधतं.

काम फार मोठं नाही. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत एक वही ठेवायची. जाड पुठ्ठ्याची. तारीख, वार, पाणी किती वाजता वाढायला लागलं, कुठल्या ओट्यापर्यंत आलं, कोणाची भिंत पडली, कोणाची बैलजोडी गेली, कुठल्या शेताची माती वाहिली. गारपीट झाली तर गार केवढी होती. पाऊस लांबला तर दुबार पेरणी किती जणांनी केली, कोणती विहीर आधी आटली, मजुरीला गुजरातेत कोण कोण गेलं. देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर पुराची एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी साल लिहायचं. मंडळातल्या यंत्राचा आकडाही त्याच वहीत शेजारी मांडायचा, म्हणजे दोन्हींत काय फरक पडला ते पुढच्या वाचणाऱ्याला कळेल. कोणाला पुरावा म्हणून उपयोगी पडेल, कोणाला घराचा पाया कुठे घ्यायचा ते ठरवायला.

नाहीच कशाला उपयोगी पडली, तरी दोनशे वर्षांनी कोणीतरी या भागाच्या पुरा-दुष्काळांबद्दल वाक्य लिहायला बसेल. त्याच्या हाताशी तेव्हा कळसाडीची वही असावी.